मोटार ओरडते, गाडी हलत नाही: जुन्या आरसी बगीची ड्राइव्हट्रेन दुरुस्ती

आरसी, म्हणजे रेडिओ रिमोटवर चालणाऱ्या गाडीचा ट्रिगर ओढला, मोटारीचा आवाज चढला आणि गाडी जागच्या जागी. फार तर मागचं एक चाक थरथरतं. बघणारे लगेच निदान करतात, “मोटार गेली.” अरे, मोटार गेली असती तर ओरडली कशाला असती? मोटार अगदी ठणठणीत आहे. तिचा जोर चाकापर्यंत पोचण्याच्या वाटेत कुठेतरी सांडतोय. ही गळती शोधायची कशी आणि बुजवायची कशी, ते या लेखात सांगतो.

इथे मी १९८०च्या दशकातल्या इलेक्ट्रिक ऑफ-रोड गाड्यांबद्दल बोलतोय. मुख्यतः टामिया या जपानी कंपनीच्या, कारण आपल्याकडे माळ्यावरून उतरतात किंवा जपानी लिलावातून मागवल्या जातात त्या बहुतेक त्याच. १९८३चा फ्रॉग, १९८४चे ग्रासहॉपर आणि हॉर्नेट, १९८६चे ब्लॅकफूट आणि मॉन्स्टर बीटल. यातल्या बऱ्याच गाड्या कंपनीने २००४-०५पासून पुन्हा बाजारात आणल्या, त्यामुळे काही सुटे भाग आजही नवे मिळतात. अमेरिकेतल्या टीम असोसिएटेडची आरसी-१० आणि क्योशोची ऑप्टिमा यांचा उल्लेख जिथे वेगळं काही करावं लागतं तिथे येईल.

जोर कुठून कुठे जातो

मोटारीच्या दांड्यावर छोटा पिनियन, तो फिरवतो मोठ्या स्पर गिअरला. तिथून मधल्या गिअरमधून डिफरन्शिअल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफ, डिफमधून दोन बाजूंना दोन दांडे, दांड्यांच्या टोकाला अ‍ॅक्सल आणि अ‍ॅक्सलवर पिनेने अडकलेलं चाक. एवढीच साखळी. यातली एक कडी सुटली की पुढचं सगळं मेलं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण अर्धे लोक इथेच फसतात. उघडं गिअर डिफ दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं, आणि तो जोर किती, हे कमकुवत बाजू ठरवते. डावीकडचा दांडा निसटत असेल तर उजवीकडेही काही पोचत नाही. म्हणजे बिघाड एका बाजूला असला तरी गाडी दोन्ही चाकांनी उभी राहते. म्हणून माणूस दोन्हीकडे समाईक असलेल्या गोष्टीवर, म्हणजे मोटार किंवा गिअरबॉक्सवर संशय घेतो आणि तिथेच आठवडा घालवतो.

ग्रासहॉपर आणि हॉर्नेटमध्ये गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल हा एकच गठ्ठा असतो आणि तो अख्खा वर-खाली हलतो. बाहेर लोंबणारे दांडेच नाहीत, त्यामुळे त्यांचं दुखणं एकतर पेटीच्या आत किंवा चाकाच्या बुडाशी. फ्रॉग आणि त्याची भावंडं वेगळी. त्यांच्या मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे, दांडे बाहेर आहेत, आणि खरी गंमत तिथेच होते.

स्क्रूला हात लावण्याआधी

बॅटरी काढा. विसरू नका, जुन्या यांत्रिक स्पीड कंट्रोलरला धक्का लागून गाडी सुरू झाली तर बोट गिअरमध्ये जातं. बॉडी काढून गाडी एखाद्या डब्यावर अशी ठेवा की मागची चाकं अधांतरी राहतील.

आता एक चाक हळू फिरवा. दुसरं चाक उलट दिशेला फिरायला हवं. फिरलं तर डिफ जिवंत आहे आणि दोन्ही दांडे निदान हलक्या जोराला तरी अडकलेले आहेत. दुसरं चाक त्याच दिशेला फिरलं तर डिफ जाम आहे किंवा आधीच्या मालकाने ते मुद्दाम बंद केलंय. दुसरं चाक ढिम्म राहिलं आणि मोटारही फिरली नाही, तर कुठेतरी पूर्ण सुटलंय.

मग खरी परीक्षा. एक चाक मुठीत घट्ट धरा आणि दुसरं जोर लावून फिरवा. आता मोटारीला फिरावंच लागेल, आणि आतल्या चुंबकांमुळे हाताला बारीक कट-कट अडखळणं जाणवेल. ते जाणवलं नाही आणि चाक मोकळं फिरलं, तर चोर याच वाटेवर आहे. टॉर्च घ्या आणि बाहेरून आत बघत या. चाक फिरतंय पण अ‍ॅक्सलचं टोक स्थिर? दोष चाकाच्या खाचेत किंवा पिनेत. अ‍ॅक्सल फिरतोय पण दांडा नाही? बाहेरचा सांधा. दांडा फिरतोय पण गिअरबॉक्समधून आलेला कप (दांड्याचं टोक ज्यात बसतं ती वाटी) नाही? आतला सांधा. कपसुद्धा फिरतोय आणि मोटार गप्प? तर मग गिअरबॉक्स उघडायचा. आता हात बदला आणि दुसऱ्या बाजूने हेच करा. पाच मिनिटांचं काम आहे. मी स्वतः हे शिकायच्या आधी तीन रविवार घालवले होते, म्हणून इतक्या आग्रहाने सांगतोय.

आवाजही खूप काही सांगतो. चाकाच्या वेगाने टक... टक... टक येत असेल तर दांड्याचा सांधा किंवा चाकाची पिन. मोटारीच्या वेगाने कर्रर्र येत असेल तर दात्यांवर दाते घसरतायत. नुसतंच स्वच्छ, उंच ओरडणं, बाकी काही नाही, तर बहुधा पिनियनचा ग्रब स्क्रू, म्हणजे त्याला दांड्यावर पकडून ठेवणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू, ढिला होऊन पिनियन दांड्यावर गरगरतोय. पुढे जाताना टकटक आणि रिव्हर्सला सगळं ठीक, याचा अर्थ सांध्याची एकच बाजू झिजली आहे. हे शेवटचं लक्षात ठेवा, त्याचा उपयोग पुढे आहे.

फोर-व्हील गाडी असेल, उदाहरणार्थ १९८५चा हॉटशॉट, तर पुढच्या आणि मागच्या गिअरबॉक्सना जोडणारा मधला दांडाही तपासा. पुढची दोन्ही चाकं कोणाला तरी धरायला सांगा आणि मागची दोन्ही एकाच दिशेला पिळा.

उघडताना

या गाड्यांचे स्क्रू जपानी मापाचे आहेत. आपल्या घरातला नेहमीचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण टोक पूर्ण खाली टेकत नाही आणि जोर दिला की वर निसटून डोकं खातो. जेआयएस (जपानी मानक) लिहिलेला स्क्रूड्रायव्हर घ्या, मुख्यतः २ नंबरचा. त्याशिवाय १.५ मिमीची चांगली अ‍ॅलन की, व्हर्निअर कॅलिपर आणि जुना टूथब्रश. अ‍ॅलन कीमध्ये कंजुषी नको. स्वस्त कीचे कोपरे गोल होतात आणि जाताना ग्रब स्क्रूचेही करून जातात.

प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर प्लास्टिक फोडून पलीकडे निघतो आणि कधीकधी थेट गिअरला टेकतो, मग “सगळं नवं टाकलं तरी जड का चालते” हे कोडं सुटत नाही. अंड्यांचा कागदी ट्रे घ्या, प्रत्येक खळग्यात एकेका टप्प्याचे स्क्रू.

ई-क्लिप, म्हणजे दांड्यावरच्या त्या छोट्या सर्क्लिपा, काढताना गाडी आणि हात दोन्ही एका मोठ्या पारदर्शक पिशवीत घाला. हसू नका. ती क्लिप उडाली की कपाटाखाली जाते आणि दिवाळीच्या साफसफाईतच भेटते.

धुणं-पुसणं

चाळीस वर्षांचं ग्रीस म्हणजे मेण. त्यात मागच्या मालकाच्या अंगणातली माती मिसळलेली. आपल्याकडे चाललेली गाडी असेल तर कोकणातली लाल माती किंवा किनाऱ्यावरची वाळू, आणि वाळूबरोबर मीठ. आधी कागदाने किंवा आइस्क्रीमच्या काडीने जाड थर खरवडा. धातूचे भाग रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासले तरी चालतील. प्लास्टिक मात्र कोमट पाणी आणि भांड्याचा साबण एवढ्यावरच. पेट्रोल, थिनर, ब्रेक क्लीनर यांपासून ते लांब ठेवा. गिअरबॉक्सचं कवच आणि चासिस बऱ्याचदा एबीएस प्लास्टिकचं असतं, त्याला अशा द्रवाने लगेच काही होत नाही, पण स्क्रूभोवती ताण असतो तिथे दोन दिवसांनी केसासारखी तडा दिसते.

नायलॉनच्या भागांची गोष्ट निराळी. नायलॉन हवेतली ओल शोषतं आणि त्यामुळेच चिवट राहतं. वर्षानुवर्षं कोरड्या माळ्यावर पडून ते सुकतं आणि कडकडीत होतं. असे आर्म किंवा हबचे भाग गरम पाण्यात काही तास ठेवून मग जोडले तर आदळल्यावर मोडण्याची शक्यता कमी होते. एबीएसला याचा काही उपयोग नाही.

धुऊन झालं की पूर्ण वाळू द्या आणि मगच बघायला बसा. ओल्या दात्यांवरची झीज दिसत नाही.

पिनियन, आणि माझी घोडचूक

मोटार बाहेर काढल्यावर पिनियनच्या तोंडावर आणि मोटारीच्या दांड्याच्या टोकावर मिळून मार्करने एकच रेघ मारा. परत बसवून दोन-तीनदा ट्रिगर ओढा, पुन्हा काढून बघा. रेघ तुटली असेल तर पिनियन घसरतोय. मोटारीच्या दांड्याला एका बाजूने सपाट घासलेलं असतं, ग्रब स्क्रू त्या सपाटीवरच यायला हवा. गोल बाजूवर कितीही आवळा, सुटणारच. दांड्याला सपाटी नसेल तर बारीक कानशीने थोडी करा, पण आधी मोटारीच्या सगळ्या भोकांवर टेप लावा, लोखंडाचा कीस आत गेला तर चुंबकाला चिकटून बसतो.

ग्रब स्क्रूला निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे सुटू न देणारा डिंक, एक थेंब. धातूवर धातू असेल तिथेच. प्लास्टिकजवळ ते गेलं तर तडे जातात.

किटबरोबर आलेला मूळ पिनियन अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर दाते नखाने तपासा. चांगला दाता वर सपाट असतो, झिजलेला सुरीच्या धारेसारखा टोकदार. झिजताना निघालेली काळी पूड ग्रीसमध्ये मिसळते आणि पॉलिश पेपरचं काम करत स्परलाही खाते. ग्रीस काळंकुट्ट दिसलं तर हे कारण आधी बघा. बदलताना स्टीलचाच घ्या.

घेताना माप. इथे मी आपटलो होतो. पाकिटावर माझ्याच गाडीच्या कंपनीचं नाव, दाते अठरा, मोटारीवर बसला, म्हटलं झालं काम. दहा मिनिटांत स्परचे दाते भुशासारखे खाली. चूक सर्वस्वी माझी, कारण दात्यांचा आकार मी मोजलाच नव्हता.

दात्यांच्या आकाराला मॉड्यूल म्हणतात आणि ते घरी काढता येतं. पिनियनचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा, त्याला दात्यांची संख्या अधिक दोन या आकड्याने भागा. १८ दात्यांचा पिनियन १६ मिमी भरला तर १६ भागिले २०, म्हणजे ०.८ मॉड्यूल. १८ दात्यांचाच पण १२ मिमी भरला तर ०.६. जुन्या बगींमध्ये जाडे ०.८चे दाते भेटतात, नंतरच्या बऱ्याच गाड्यांत ०.६ आले. दोघं एकत्र चालणं शक्य नाही. अमेरिकन भागांवर पिच लिहिलेला असतो: २५.४ ला पिचने भागलं की मॉड्यूल मिळतं. ३२ पिच म्हणजे ०.७९४, तो ०.८बरोबर व्यवहारात चालून जातो. ४८ पिच म्हणजे ०.५२९, तो ०.६च्या जवळचा वाटला तरी चालवू नका.

त्या काळच्या टामिया गाड्यांत मोटारीची जागा बहुधा ठरलेल्या भोकांनी पक्की केलेली असते, म्हणजे ठरावीक दात्यांचाच पिनियन नीट बसतो. वेग वाढवायला दोन दाते जास्तीचा पिनियन टाकायचा तर त्यासाठी भोक आहे का ते आधी बघा. जिथे मोटार सरकवता येते तिथे वर्तमानपत्राची पट्टी दोन गिअरच्या मध्ये घालून मोटार दाबा, स्क्रू आवळा आणि गिअर फिरवून पट्टी काढा. पट्टीवर घड्या पडाव्यात, ती फाटू नये. नंतर स्पर बोटाने हलवला तर किंचित, अगदी किंचित ढिलाई जाणवायला हवी.

मोटार बसवणारे दोन स्क्रू एम३चे असतात. ते फार लांब असतील तर आत जाऊन मोटारीच्या गुंडाळीला लागतात. वॉशर घाला.

पेटीच्या आत

स्पर आणि मधले गिअर एकेक करून उजेडात फिरवा. तुटलेला एखादाच दाता सहज सुटतो नजरेतून. दात्यात अडकलेला खडाही शोधा. नायलॉनच्या दात्यात रुतलेला बारीक खडा सुईने काढता येतो आणि गिअर पुन्हा वापरता येतो. पण टोकदार झालेले दाते असतील तर काही करू नका, गिअर बदला. जुन्या झिजलेल्या स्परला नवा स्टीलचा पिनियन जोडणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी. गिअर चांगले असूनही दाते घसरत असतील तर दोष अनेकदा इथे असतो, आणि हे कोणी बघत नाही. किटमध्ये बेअरिंगऐवजी प्लास्टिकचे किंवा ब्राँझचे बुश असत. प्लास्टिकचा बुश वर्षांनी गोलाचा अंडाकृती होतो, दांडा त्यात एका बाजूला सरकतो, जोर आला की गिअर एकमेकांपासून लांब जातात. हाताने फिरवताना सगळं छान, धावताना कर्रर्र. दांडा बुशमध्ये घालून वर-खाली हलवून बघा.

यावर इलाज म्हणजे बॉल बेअरिंग, आणि हा या सगळ्या उद्योगातला सगळ्यात फायद्याचा खर्च. आरसीवाले ज्याला ११५० म्हणतात ते बेअरिंग म्हणजे बाहेरून ११ मिमी, आतून ५ मिमी, जाडी ४ मिमी. त्याचा औद्योगिक नंबर एमआर११५. ८५० म्हणजे ८ बाय ५ बाय २.५, नंबर एमआर८५. आरसीच्या नावाने विकत घ्यायची गरज नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा तुमच्या गावच्या बेअरिंगवाल्याकडे या नंबराने विचारा. पण जुना बुश खिशात टाकून न्या आणि कॅलिपरने मोजून घ्या. माती-वाळूत चालवणार असाल तर रबरी सील असलेलं घ्या. जाडी नवी-जुनी जुळली नाही तर दांडा आडवा खेळतो, तेव्हा ०.१ ते ०.३ मिमीचे शिम, म्हणजे पातळ चकत्या, घाला. दांडा आडवा हलू नये, पण बोटाने फिरवला तर मोकळा फिरावा.

ब्राँझचे बुश चांगले असतील तर राहू द्या. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

डिफरन्शिअल

गिअर डिफ उघडून आतले छोटे तिरके गिअर आणि ते ज्या पिनेवर फिरतात ती पिन बघा. दाते शाबूत असतील तर स्वच्छ करून घट्टसर ग्रीस घाला. ग्रीस जितकं घट्ट तितकं डिफ जड फिरतं आणि एक चाक हवेत गेल्यावर सगळा जोर तिथे वाया जाणं थोडं कमी होतं. टामियाचं अँटी-वेअर ग्रीस याच कामाला वापरतात. डिफमध्ये एपॉक्सी भरून ते कायमचं बंद करणारे बहाद्दर आहेत. मऊ मातीत चालून जातं, पण डांबरावर वळताना तो ताण अ‍ॅक्सल आणि चाकाच्या खाचेवर येतो. मी करत नाही.

आरसी-१०सारख्या स्पर्धेच्या गाड्यांत बॉल डिफ असतं. ही कल्पना ब्रिटनच्या सेसिल शूमाकर यांची. यात गिअरऐवजी बारीक गोळ्या, बऱ्याचदा ३/३२ इंचाच्या म्हणजे २.३८ मिमीच्या, दोन पोलादी चकत्यांमध्ये दाबलेल्या असतात आणि जोर केवळ घर्षणाने जातो. म्हणून गाडी हलत नसेल आणि डिफच्या जागी किंचाळी किंवा जळका वास येत असेल तर ते सरकतंय. नुसतं आवळून भागत नाही. खोला, चकत्यांवर गोळ्यांची चाकोरी पडली असेल तर चकती उलटी करा किंवा काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यात घासा, चमक गेली की पुरे. गोळ्यांना सिलिकॉनचं डिफ ग्रीस, आणि आतल्या छोट्या थ्रस्ट बेअरिंगला काळं मॉलिब्डेनम ग्रीस. दोन्हींची अदलाबदल करू नका. बसवल्यावर हळूहळू आवळत जा, मधेमधे चाकं उलटसुलट फिरवत. दोन्ही चाकं घट्ट धरून ठेवल्यावर स्पर अंगठ्याने फिरता कामा नये, आणि तरीही एक चाक फिरवलं की दुसरं लोण्यासारखं उलट फिरावं. गाडीला स्लिपर क्लच असेल तर जोर वाढल्यावर आधी तो सरकला पाहिजे, डिफ नाही.

ऑप्टिमात, म्हणजे १९८५च्या क्योशोत, पुढच्या चाकांना साखळी आहे. सायकलच्या चेनचेच नियम: फार ढिली तर दात्यांवरून उडते, फार ताणली तर मोटारीचा अर्धा जोर खाते.

दांडे: षटकोनाची कथा

आता फ्रॉग, सुबारू ब्रॅट, ब्लॅकफूट, मॉन्स्टर बीटल. या सगळ्यांचा मागचा भाग एकाच घराण्यातला, आणि मूळ गाड्यांतल्या दांड्यांची टोकं षटकोनी, गोलसर घडवलेली. ती षटकोनी कपात बसतात. नवीन असताना छान. पण दांडा तिरका झाला की षटकोनाच्या सहा कडा कपाला फक्त बारीक रेषेवर टेकतात आणि सगळा जोर त्या रेषांवर. कडा हळूहळू गोल होतात. मग एक दिवस जोरात ट्रिगर ओढला की टोक कपात गर्रकन फिरतं, टक-टक-टक, आणि वर सांगितल्याप्रमाणे डिफमुळे दुसरं चाकही थांबतं. २००५मध्ये फ्रॉग परत आला तेव्हा कंपनीने हे षटकोन सोडून आडव्या पिनेचे डॉगबोन दांडे दिले. कमजोरी कुठे होती ते यावरून कळावं.

तुमचा दांडा हातात घ्या, टोक डोळ्यासमोर धरून उजेडात सावकाश फिरवा. प्रत्येक कोपऱ्याची एक बाजू गुळगुळीत, चकचकीत, घसरगुंडीसारखी उतरलेली दिसेल. दुसरी बाजू अजून खरखरीत, कडा जवळजवळ ताजी. गाडी आयुष्यभर पुढेच धावली, म्हणून झीज एकाच अंगाला. रिव्हर्सला ठीक का चालत होती, त्याचं उत्तर हे.

मग युक्ती सरळ आहे: डावीकडचा दांडा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे. बाजू बदलली की पुढे जाण्याचा जोर त्या न वापरलेल्या अंगांवर येतो. त्याच बाजूला ठेवून दांड्याचं आतलं टोक बाहेर आणि बाहेरचं आत केलं तर मात्र काही फरक पडत नाही, झिजलेली अंगंच पुन्हा कामाला लागतात. विश्वास नसेल तर एक पेन्सिल हातात धरून पिळून बघा. कप निघत असतील आणि दोन्ही बाजूंचे सारखे असतील तर तेही असेच बदला. लांबी दोन्ही दांड्यांची सारखी आहे ना, तेवढं आधी मोजा.

ही कायमची दुरुस्ती नव्हे. मूळ मोटारीवर एखादा मोसम निघेल. काही जण कपात पितळी पत्र्याची पट्टी घालतात, काही एपॉक्सी भरतात. माझ्या हाती पट्टी दोन बॅटऱ्या टिकली, एपॉक्सी एक. कायमचा इलाज म्हणजे नव्या आवृत्तीचे डॉगबोन आणि त्यांचे कप, सगळा संच एकत्र. जुना कप आणि नवा दांडा अशी खिचडी बसत नाही. फक्त शोकेसमध्ये ठेवायची मूळ गाडी असेल तर अर्थातच जुने दांडे राहू द्या आणि काढलेला प्रत्येक भाग पाकिटात जपा, विकताना त्याचीच किंमत येते.

डॉगबोनमध्येही झीज असते, ती पिनेत आणि कपाच्या खाचेत. पिन सुटी होत असेल तर नव्वद अंश फिरवून बसवा. सस्पेन्शन पूर्ण खाली लोंबवून दांडा कपातून बाहेर निसटत नाही ना ते बघा, निसटत असेल तर कपात छोटा फोमचा तुकडा घालतात. पूर्ण दाबल्यावर दांडा कपाच्या बुडाला आपटतही नसावा.

चाकाच्या बुडाशी

इथे फार वेळ नको. अ‍ॅक्सलमधली आडवी पिन आहे का, सरळ आहे का, आणि चाकाच्या किंवा हबच्या आतली खाच रुंद झाली आहे का. पिन हरवून कोणीतरी तारेचा तुकडा किंवा खिळा घातलेला मी दोनदा पाहिलाय. नट नायलॉनच्या कड्याचा नसेल तर बदला.

पुन्हा जोडताना

ग्रीस दात्यांवर पातळ थर, बोटाला लागेल इतकंच. पेटीत चमचाभर कोंबलेलं ग्रीस फिरून कडेला जातं आणि वाळू धरतं. स्कूटरचं जाड ग्रीस मोटारीवर ओझं टाकतं, हलकं सिरॅमिक ग्रीस बरं.

प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू भोकात ठेवल्यावर आधी उलटा फिरवा. एका ठिकाणी बारीकसा टक् करून तो खाली बसतो, तिथे जुना आटा सुरू होतो. आता सुलटा. असं केलं नाही तर दर वेळी नवा आटा कापला जातो आणि चौथ्या-पाचव्या वेळी भोकच फुकट. फुकट गेलंच असेल तर किटच्या फ्रेमचा, म्हणजे ज्याला भाग चिकटून येतात त्या प्लास्टिकच्या काडीचा, तुकडा चिकटवून भोक भरा, रात्रभर वाळू द्या, मग छोट्या ड्रिलने नवं भोक पाडा. गिअरबॉक्सचे दोन अर्धे कोपऱ्या-कोपऱ्याने थोडे थोडे आवळा आणि दर वेळी स्पर बोटाने फिरवा. शेवटच्या स्क्रूला अचानक जड झालं तर तोच स्क्रू लांब आहे.

सुरुवातीच्या दोन हातांच्या परीक्षा परत करा आणि मगच बॅटरी लावा.

मोटारीचा मोह

मागच्या चाकांची ही यंत्रणा घडली ती साध्या ५४० मोटारीसाठी आणि ७.२ व्होल्टच्या सहा निकेल-कॅडमियम सेलसाठी. ग्रासहॉपरला तर त्याहून लहान ३८०. सगळं दुरुस्त झालं की हात शिवशिवतात, ब्रशलेस मोटार टाकूया, लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी टाकूया. दोन सेलची लिपो पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देते आणि पहिल्या झटक्यात जोर कितीतरी जास्त. पिनियन पक्का केलात तर दांडा निसटेल, दांडा बदललात तर डिफची पिन, ती टिकली तर गिअरबॉक्सचं कवच तडकेल. जुन्या गाडीत २७ टर्नची, म्हणजे गुंडाळीला २७ वेढे असलेली, साधी चंदेरी मोटार पुरे, मैदानात मजा तीच येते. लिपो वापरणारच असाल तर मूळ यांत्रिक स्पीड कंट्रोलर काढून व्होल्टेज कमी झाल्यावर आपणहून थांबणारा इलेक्ट्रॉनिक बसवा. जुना कंट्रोलर बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत पिळतो आणि लिपो त्यातून परत उठत नाही.

पहिली बॅटरी सपाट जमिनीवर, अर्ध्या वेगाने संपवा. मग मोटारीवर बोट ठेवा. तीन सेकंद बोट ठेवता येत नसेल तर कुठेतरी अजून जड आहे, बहुधा पिनियन-स्परचे दाते एकमेकांत फार घट्ट किंवा बेअरिंग तिरकं. मोटार काढा, ग्रब स्क्रू पुन्हा एकदा आवळा, पहिल्या धावेनंतर तो थोडा बसतोच. आणि पिनियनवरचं ग्रीस पांढऱ्या कागदावर टिपून बघा. कागदावर चमचमणारे कण दिसले तर दुसरी बॅटरी लावू नका.